रेघ ओलांडणारी मुलं आणि वाढणारी मुलं

ह्यूस्टनच्या आसपास कुणाही मराठी माणसाच्या घरी गणपतीची आरती झाली, प्रसादाची ताटं हातात आली, की गप्पा घरांच्या किमतींवर येतात आणि तिथून स्कूल डिस्ट्रिक्टवर. ‘केटीत घ्या’, ‘शुगर लँडच्या बाजूला बघा’, ‘शहराच्या हद्दीत मात्र नको, तिथल्या शाळा खाली आहेत.’ भारतातल्या वाचकांना सांगायला हवं की इथल्या स्कूल डिस्ट्रिक्टचा आपल्याकडच्या जिल्ह्याशी काही संबंध नाही. तो शाळांचा स्वतंत्र कारभार असतो. त्याचं निवडून आलेलं मंडळ असतं, घरपट्टीतून येणारा त्याचा पैसा असतो, त्याचा सुपरिटेंडेंट, म्हणजे मुख्य अधिकारी असतो. टेक्सासमध्ये असे हजारावर डिस्ट्रिक्ट आहेत. राज्य सरकार प्रत्येक डिस्ट्रिक्टला आणि त्यातल्या प्रत्येक शाळेला ए ते एफपर्यंतचं एक अक्षर देतं, आणि खालच्या इयत्तांसाठी ते ‘स्टार’ या राज्यव्यापी परीक्षेच्या गुणांवरूनच ठरतं. घर घेणारे त्या अक्षरावर घर घेतात. मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या त्या अक्षरावर टिकतात किंवा जातात.

शहराचा डिस्ट्रिक्ट टेक्सासमधला सर्वांत मोठा. जून २०२३मध्ये राज्यानं तो ताब्यात घेतला, निवडून आलेलं मंडळ बाजूला सारलं आणि माइक माइल्स यांना सुपरिटेंडेंट नेमलं. अनेक शाळांची ग्रंथालयं बंद झाली, वरून आलेले ठरावीक पाठ सुरू झाले, तासाच्या शेवटी रोजची छोटी चाचणी आली. २०२५च्या ऑगस्टमध्ये नवी अक्षरं जाहीर झाली तेव्हा डी आणि एफ मिळालेल्या शाळा १२१वरून १८वर आलेल्या होत्या, आणि एफ एकाही शाळेला नव्हता. तेव्हापासून वाद पेटलेला आहे. एक बाजू म्हणते, आकडे बघा, दोन वर्षांत कायापालट झाला. दुसरी म्हणते, या परीक्षा मुलांच्या आईबापांची कमाई मोजतात, बाकी काही नाही. त्या बंदच करा. दोन्ही बाजूंचे लेख मी वाचले, शाळा मंडळाच्या सभांमधली भाषणं ऐकली, आणि दोन्हीकडे मला तीच चूक दिसली. कोणता आकडा कशाचं उत्तर देतो, हे विचारायला कुणी थांबतच नाही.

माझं म्हणणं आधीच मांडते. डिस्ट्रिक्ट सुधारला की नाही हे ठरवायचं असेल तर ‘किती टक्के मुलं रेघेच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या किमान पातळीच्या, वर आहेत’ हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. तीच मुलं वर्षाच्या सुरुवातीला कुठे होती आणि शेवटी कुठे पोचली, ते बघावं लागतं. आणि ज्या परीक्षेवर कुणाची नोकरी, बक्षीस किंवा बदनामी टांगलेली आहे, त्या परीक्षेतली वाढ दुसऱ्या एखाद्या परीक्षेत दिसेपर्यंत खरी धरू नये, कारण त्या दुसऱ्या परीक्षेत कुणाचंच काही पणाला लागलेलं नसतं. परीक्षा हव्यात, असंच माझं मत आहे. आपण त्या वाचतो मात्र चुकीच्या.

आपल्याकडे मुलांची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं मांडतात. दर वाढदिवसाला नवी खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर म्हणजे वर्षभरातली वाढ. आता समजा, ही पद्धत सोडून आपण चौकटीवर चार फुटांवर एक रेघ मारली आणि दर वर्षी सोसायटीतली किती मुलं त्या रेघेच्या वर जातात एवढंच मोजलं. एखाद्या वर्षी सोसायटीत उंच मुलांची दोन कुटुंबं राहायला आली की आकडा वाढेल. पावणेचार फुटांची बरीच मुलं असतील तर थोड्याशा वाढीनं आकडा झपाट्यानं उडी घेईल. तीन फुटांची असतील तर ती कितीही वाढली तरी आकडा तसूभर हलणार नाही. कुणी रेघच दोन इंच खाली आणली, तर एकही मूल न वाढता सगळी सोसायटी उंच होईल. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शाळांच्या प्रगतीची बातमी याच रेघेवरून दिली जाते. शिवाय यंदाच्या तिसरीची तुलना गेल्या वर्षीच्या तिसरीशी होते, म्हणजे मुलंच वेगळी. ज्या मुलांबद्दल आपण बोलतो आहोत ती एव्हाना चौथीत गेलेली असतात.

रेघ हलवण्याचं उदाहरण मी कल्पनेतून काढलेलं नाही. न्यूयॉर्क शहरात २००९मध्ये तिसरी ते आठवीची ८२ टक्के मुलं गणितात आणि ६९ टक्के इंग्रजीत ‘प्रोफिशियंट’, म्हणजे अपेक्षित पातळीची ठरली होती. शहरभर कौतुक झालं. पुढच्याच वर्षी राज्यानं मान्य केलं की परीक्षा सोप्या आणि ठरीव झाल्या आहेत, आणि रेघ वर नेली. गणिताचा आकडा ५४ टक्क्यांवर आला, इंग्रजीचा ४२वर. २०१३मध्ये नव्या, अवघड अभ्यासक्रमाची परीक्षा आली आणि हेच आकडे ३० आणि २६ झाले. चार वर्षांत या शहरातल्या मुलांची अक्कल अर्ध्याहून खाली आली असं कुणी म्हणेल का? मग २००९ची ८२ टक्के मुलं हुशार झाली होती हे तरी कशावरून म्हणायचं होतं? विस्कॉन्सिननं २०२४मध्ये उलट दिशेनं तेच केलं. रेघा बदलल्या, पातळ्यांची नावं बदलली, आणि मागच्या वर्षांशी सरळ तुलनाच करता येईना. टेक्सासमध्ये हायस्कूलला ए मिळवायला पूर्वी ६० टक्के मुलं कॉलेजला, नोकरीला किंवा सैन्यात जायला तयार असली तरी पुरत. तो आकडा एका फटक्यात ८८वर नेला. आधीच्या वर्षांइतकंच चांगलं काम करणारी शाळा एक पायरी खाली गेली. शंभराहून अधिक डिस्ट्रिक्ट त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि २०२३ची अक्षरं एप्रिल २०२५पर्यंत बाहेरच आली नाहीत.

रेघेचा सगळ्यात मोठा तोटा मात्र बातम्यांत दिसत नाही, वर्गात दिसतो. बक्षीस रेघ ओलांडणाऱ्यांच्या संख्येवर असेल तर शिक्षकानं वेळ कुणाला द्यावा? जे मूल आधीच वर आहे त्याला शिकवून आकडा वाढत नाही. जे फार खाली आहे ते या वर्षात वर येणार नाही. उरतात रेघेच्या खाली बोटभर असलेली मुलं. टेक्सासमधल्याच एका शाळेत शिक्षक मुलांची कशी वाटणी करतात याचा अभ्यास २००५मध्ये प्रसिद्ध झाला: सुरक्षित, उपचार करण्याजोगी आणि आशा सोडलेली. युद्धातल्या जखमींची करतात तशी वाटणी. शिकागोत ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ हा केंद्राचा कायदा आल्यानंतरचे गुण नील आणि शान्झेनबाक या दोन अर्थतज्ज्ञांनी तपासले तेव्हा मधल्या मुलांचे गुण वाढलेले निघाले, अगदी तळातल्या मुलांना फायदाच झालेला नव्हता. एकही मूल मागे राहू नये अशा नावाच्या कायद्यानं नेमकी सगळ्यात मागची मुलं मागे ठेवली. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. त्यांच्या पुढ्यात आकडाच तसा ठेवला होता.

आणि हे नवंही नाही. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांनी शाळांचं अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन-लेखन-अंकगणिताच्या परीक्षेवर बांधलं. इन्स्पेक्टर यायचा, एकेक मूल तपासायचा, आणि पास झालेल्या डोक्यागणिक पैसे मिळायचे. मॅथ्यू आर्नल्ड हे कवी स्वतः शाळा इन्स्पेक्टर होते. शिकवणं यंत्रवत झालं, मुलं वाचनाचं पुस्तक पाठ करून येतात, असं ते सरकारी अहवालांतून पुन्हापुन्हा लिहीत राहिले. तीसेक वर्षांनी ती पद्धत मोडीत निघाली. मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली होती, आणि १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी तिच्यावर नेमकं बोट ठेवलं. गरीब आणि शिक्षणाची गोडी अजून न लागलेल्या समाजात शिक्षण पसरवायला ही पद्धत योग्य नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, कारण अशा मुलांत शाळा काढून कुठल्याही मास्तराचं पोट भरणार नाही. पैसा निकालामागे गेला की शिक्षक निकाल जिथे स्वस्तात मिळतो तिथे जातो. शिकागोच्या आकड्यांत अर्थतज्ज्ञांना जे सापडलं, ते जोतीरावांनी सव्वाशे वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. माझे आजोबा प्राथमिक शिक्षक होते. ते सांगायचे, दिपोटीसाहेब तपासणीला येणार असले की हुशार पोरं पुढच्या ओळीत बसायची आणि कच्च्या पोरांना त्या दिवशी घरी राहायचा निरोप जायचा. सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं. रेघेवर टीका करणं सुखवस्तू लोकांना परवडतं. जगात रेघ असतेच. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचता येते किंवा येत नाही. ‘माझ्या मुलानं दीड वर्षाची प्रगती केली’ म्हणून दुकानदार त्याला हिशेबात सूट देत नाही. फक्त वाढ मोजली तर गरीब मुलांकडून आपण कमीच अपेक्षा ठेवायला लागू आणि ‘बिचारी वाढताहेत ना’ म्हणून समाधान मानू. दुसरंही खरं आहे. २००२पूर्वी बहुतेक डिस्ट्रिक्ट फक्त सरासरी सांगायचे आणि त्या सरासरीखाली कृष्णवर्णीय, लॅटिनो, इंग्रजी नव्यानं शिकणारी आणि अपंग मुलं गाडली जायची. प्रत्येक गटाचे आकडे वेगळे दाखवायला ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यानंच भाग पाडलं. २०१५मध्ये पालक आपल्या मुलांना परीक्षेतून बाहेर काढू लागले तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत देशातल्या बारा नागरी हक्क संघटना होत्या. आमची मुलं मोजली गेली नाहीत तर ती कुणाला दिसणारच नाहीत, ही त्यांची भीती होती. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना शाळेची पायरीही चढू दिली नव्हती, त्या मराठी वाचकांना ही भीती मी समजावून सांगायची गरज नाही.

हे सगळं मला मान्य आहे, आणि म्हणूनच रेघ पुसा असं मी म्हणत नाही. मूल कुठे आहे हे सांगायला रेघ लागते. पण मूल कुठे आहे याचं श्रेय किंवा खापर डिस्ट्रिक्टच्या माथी मारायचं असेल, तर त्या मुलाला शाळेत येण्याआधी जे मिळालं ते वजा करावं लागतं. १९६६ सालच्या कोलमन अहवालापासून हे स्पष्ट आहे की मुलांच्या गुणांमधला मोठा फरक घरातून येतो. पहिल्या दिवशी हजारो शब्द घेऊन आलेलं मूल रेघेच्या वर असतं, त्यात शाळेनं काय केलं? उत्तर द्यायचं तर दोन आकडे वेगवेगळे हवेत. टेक्सासचं सूत्र मला खटकतं ते इथेच. ‘मुलांना किती येतं’ आणि ‘मुलं किती पुढे सरकली’ या दोन गुणांपैकी जो जास्त असेल तो घेऊन त्याला ७० टक्के वजन देतात, बाकीचे ३० टक्के गटागटांतलं अंतर मिटवण्याला. म्हणजे एकाच ए अक्षराचे दोन अर्थ होतात: इथली मुलं आधीपासून पुढे होती, किंवा इथली मुलं भराभर पुढे जाताहेत. घर घेणाऱ्याला तर ते अक्षरच तेवढं दिसतं.

माझंच सांगते. माझी मुलगी उपनगरातल्या ज्या शाळेत जाते तिला दर वर्षी ए मिळतो. चौथीत ऑगस्टमध्ये तिला जे गणित येत होतं तेच तिनं मे महिन्यात परीक्षेत लिहिलं आणि वरची श्रेणी आणली. मी वर्गशिक्षिकेला विचारलं की यंदा ती नवं काय शिकली, तर मला तिची श्रेणी पुन्हा दाखवण्यात आली. बाई मनानं चांगल्या होत्या, पण त्यांच्याकडे त्या प्रश्नाला दुसरा आकडा नव्हता. आपण मराठी मंडळी लाखभर डॉलर जास्त मोजून जे ‘चांगलं डिस्ट्रिक्ट’ घेतो, त्यात नेमकं काय विकत घेतो?

स्टॅनफर्डचे शॉन रिअर्डन यांनी देशभरातल्या अकरा हजारांहून अधिक डिस्ट्रिक्टांच्या परीक्षांचे गुण एका मापावर आणले आणि तिसरीतली पातळी आणि तिसरी ते आठवीतली वाढ वेगळी काढली. पातळीचा संबंध कुटुंबांच्या सांपत्तिक स्थितीशी घट्ट निघाला. वाढीचा मात्र बराच सैल. श्रीमंत डिस्ट्रिक्टांत जेमतेम वाढ असलेले सापडले, गरिबांत झपाट्यानं वाढणारे सापडले. त्यात सगळ्यात थक्क करणारं नाव शिकागोचं. १९८७मध्ये केंद्राच्या शिक्षणमंत्र्यांनी ज्याला देशातला सर्वांत वाईट म्हटलं, तो डिस्ट्रिक्ट. २००९ ते २०१४ या काळात तिथली मुलं तिसरीत देशाच्या सरासरीच्या बरीच मागे होती, पण आठवीपर्यंतच्या पाच वर्षांत सहा वर्षांचं शिकत होती. देशातल्या ९६ टक्के डिस्ट्रिक्टांपेक्षा हा वेग जास्त होता. रेघेवरून पाहिलं तर शिकागो तेव्हाही नापासच होतं. ‘शहराच्या हद्दीत मात्र नको’ हा सल्ला देताना आपण काय बघत होतो आणि काय बघत नव्हतो, ते या एका उदाहरणावरून कळावं.

इथे चौकस वाचक मला अडवेल. वाढ तरी खरी कशावरून? परीक्षेपुरतं घोकून घेतलं तर वाढही फुगेल. हा आक्षेप पूर्ण बरोबर आहे. १९८७मध्ये वेस्ट व्हर्जिनियातले एक डॉक्टर, जॉन कॅनेल, यांच्या लक्षात आलं की पन्नासच्या पन्नास राज्यं आपली प्राथमिक शाळांतली मुलं देशाच्या सरासरीच्या वर असल्याचं सांगत होती. सरासरीच्या वर सगळेच कसे असतील? तुलनेचे मापदंड वर्षानुवर्षं जुने होते आणि त्याच त्या प्रश्नपत्रिका शिक्षकांना पाठ झाल्या होत्या. पाठोपाठ डॅनियल कोरेट्झ (ते पुढे हार्वर्डला गेले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका डिस्ट्रिक्टमध्ये साधा पण निर्णायक प्रयोग केला. तिथे जुनी परीक्षा बदलून नवी आणली होती. पहिल्या वर्षी तिसरीचे गणिताचे गुण सुमारे अर्ध्या शालेय वर्षाइतके कोसळले, मग चारेक वर्षांत पुन्हा चढले. तेव्हा या मंडळींनी काही मुलांना मुद्दाम जुनी परीक्षा दिली. तिच्यात मुलं आता मागे पडलेली निघाली. गणित वाढलेलं नव्हतं, त्या त्या प्रश्नपत्रिकेची सवय वाढली होती. केंटकीत नव्वदच्या दशकात राज्याच्या परीक्षेत चौथीच्या वाचनाची मोठी भरारी दिसली, आणि त्याच वर्षांत राष्ट्रीय चाचणीत सुई जागची हलली नाही.

ह्यूस्टनला तर हे नव्यानं सांगावं लागू नये. नव्वदच्या दशकात ‘टेक्सासचा चमत्कार’ म्हणून जो गाजला त्याच्या केंद्रस्थानी हाच डिस्ट्रिक्ट होता. इथले सुपरिटेंडेंट रॉड पेज २००१मध्ये देशाचे शिक्षणमंत्री झाले आणि इथलंच प्रारूप देशभराच्या कायद्यात गेलं. २०००च्या ऑक्टोबरमध्ये रँड या संशोधन संस्थेच्या अभ्यासानं दाखवलं की राज्याच्या परीक्षेतली झेप राष्ट्रीय चाचणीत तेवढी दिसत नाही. २००३मध्ये दुसरी बाजू उघडी पडली. नववीत हजारावर मुलं असलेल्या एका हायस्कूलमध्ये बारावीला तीनशेही उरत नव्हती, आणि कागदोपत्री शाळा सोडलेल्यांचा आकडा होता शून्य. राज्याच्या तपासनिसांनी सोळा शाळांमधल्या, शाळा सोडून गेलेल्या साडेपाच हजार मुलांच्या नोंदी पाहिल्या. निम्म्याहून अधिक मुलांची शिक्षण सोडल्याची नोंद व्हायला हवी होती, ती नव्हती. परीक्षेच्या दिवशी घरी ठेवलेली माझ्या आजोबांच्या गावची पोरं इथे कायमची घरी राहिली होती. अटलांटात प्रकरण याहून पुढे गेलं. तिथल्या सुपरिटेंडेंटना २००९मध्ये देशातल्या सर्वोत्तम सुपरिटेंडेंटचा मान मिळाला, आणि २०११च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांतले १७८ शिक्षक-मुख्याध्यापक उत्तरपत्रिकांच्या गैरव्यवहारात सापडले. चुकीची उत्तरं खोडून बरोबर केलेल्या खुणांचं प्रमाण इतकं होतं की ते योगायोगानं घडणं शक्यच नव्हतं. मानसशास्त्रज्ञ डोनल्ड कॅम्बेल यांनी १९७६मध्ये याचा नियमच मांडला होता: सामाजिक निर्णय ज्या आकड्यावर जितके अवलंबून, तितका तो आकडा आणि तो ज्या गोष्टीवर लक्ष ठेवतो ती गोष्टही नासते.

मग परीक्षा बंद करणारे बरोबर ठरतात का? अजिबात नाही. कोरेट्झना, रँडला, तपासनिसांना ही फसवणूक कशामुळे कळली? दुसऱ्या मापामुळे. राष्ट्रीय चाचणी, जिला इथे ‘नेप’ म्हणतात, १९६९पासून चालू आहे. नमुना म्हणून निवडलेल्या शाळांतली निवडलेली मुलंच ती देतात, एका मुलाला प्रश्नांचा एक तुकडाच मिळतो, कुठल्याही शाळेला किंवा मुलाला तिचा निकाल लागत नाही. तिच्यासाठी घोकून घ्यायचं कुणाला कारणच नाही. डिस्ट्रिक्टचा दावा पारखायला याहून चांगला दगड नाही, आणि २००२पासून काही मोठ्या शहरांच्या डिस्ट्रिक्टांचे निकाल ती वेगळे देते. ह्यूस्टन त्यात पहिल्यापासून आहे.

मिसिसिपीचं उदाहरण इथे उपयोगी पडतं. २०१३मध्ये तिथे तिसरीपर्यंत वाचता आलंच पाहिजे असा कायदा झाला, शिक्षकांना अक्षर-ध्वनीच्या पद्धतीचं प्रशिक्षण मिळालं, सगळ्यात कमकुवत शाळांत वाचनाचे मार्गदर्शक बसवले. नेपमध्ये चौथीच्या वाचनात हे राज्य २०१३ला ४९वं होतं, २०२४मध्ये नववं. संशयवादी म्हणतात, तिसरीत नापास मुलं मागे ठेवली, म्हणून चौथीत वयानं मोठी आणि निवडक मुलं आली. शंका रास्त आहे. पण ती तपासता येते: मागे ठेवलेली मुलंही वर्षभरानं चौथीत येतातच, आणि तीच पिढी आठवीत काय करते हे त्याच चाचणीत दिसतं. आठवीत चौथीसारखी झेप दिसत नाही. म्हणजे वाचायला शिकवण्याचं काम झालं, वाचून समजून घ्यायला शिकवण्याचं अजून बाकी आहे. असं बारकाईनं बोलता येतं ते केवळ बाहेरचं माप आहे म्हणून. राज्याच्या स्वतःच्या अक्षरावर विसंबून राहिलो असतो तर एका बाजूचा जयजयकार आणि दुसऱ्या बाजूचा बहिष्कार, एवढंच हाती लागलं असतं.

वाढीच्या आकड्यालाही मर्यादा आहेत, त्याही सांगते. छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये पन्नास-साठ मुलांच्या वाढीची सरासरी एका वर्षी वर, एका वर्षी खाली जाणारच. तिथे तीन-चार वर्षं एकत्र बघावी लागतात. भाड्याची घरं बदलत फिरणाऱ्या कुटुंबांची मुलं वर्षात दोन शाळा बघतात, त्यांची वाढ कुणाच्या खात्यावर लिहायची? आणि हा आकडा एकेका शिक्षकावर लावणं तर मला सरळ अन्याय वाटतो. ह्यूस्टननं तोही प्रयोग केला. गुप्त सूत्रानं काढलेल्या गुणांवर शिक्षकांच्या नोकऱ्या ठरू लागल्या, शिक्षक कोर्टात गेले, आणि २०१७मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी म्हटलं की ज्या गणिताची शहानिशा शिक्षकाला करताच येत नाही त्यावर त्याची नोकरी घालवण्याविरुद्धचा दावा चालवण्याजोगा आहे. पंचवीस मुलांच्या वर्गात जो आकडा डळमळतो तो लाखभर मुलांच्या डिस्ट्रिक्टमध्ये बऱ्यापैकी स्थिर असतो. म्हणून तो डिस्ट्रिक्टला विचारावा, बाईंना नव्हे.

मग ह्यूस्टन सुधारलं का? अक्षरांवरून मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. डिस्ट्रिक्टनं पुढे ठेवायला हवं ते हे: जून २०२३ला जी मुलं तिसरीत होती, त्यांतली आज इथेच असलेली किती आणि निघून गेलेली किती, आणि गेलेल्यांचे गुण राहिलेल्यांपेक्षा वेगळे होते का. राहिलेल्यांनी राज्यातल्या त्यांच्याच पातळीच्या मुलांपेक्षा जास्त मजल मारली का. अगदी तळातल्या पाचव्या हिश्शाचं काय झालं. कोणत्या इयत्तेत किती मुलं कोणत्या विषयाची परीक्षा देतात, यात दोन वर्षांत काही बदल झाला का. आणि नेपमध्ये यातलं किती दिसतं. या प्रश्नांची उत्तरं चांगली आली तर ग्रंथालयं बंद केल्याचा माझा राग कायम ठेवूनही मी मान्य करीन की मुलं शिकली.

हे सगळं घाईनं लिहिण्याचं एक कारण आहे. टेक्सासच्या विधिमंडळानं २०२५मध्ये ‘स्टार’ परीक्षा मोडीत काढली. २०२७-२८पासून तिच्या जागी वर्षाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन छोट्या परीक्षा येणार आहेत. वर्षाच्या दोन्ही टोकांना मोजणं मला मनापासून हवं होतं. पण माप बदललं की जुने दावे तपासण्याचा रस्ता बंद होतो. टेक्सासमध्ये आधीच्या परीक्षा बदलल्या तेव्हाही गुणांची साखळी अशीच तुटली. कोरेट्झ यांच्या प्रयोगाला काही वर्गखोल्या आणि जुन्या प्रश्नपत्रिका एवढंच भांडवल लागलं होतं. राज्यानं २०२७-२८च्या मे महिन्यात नमुन्यादाखल काही हजार मुलांना नव्या परीक्षेबरोबर ‘स्टार’ही द्यायला लावावी, आणि त्या निकालावर कुणालाही अक्षर देऊ नये. आमच्या शाळा मंडळाच्या पुढच्या सभेत मी हीच मागणी मांडणार आहे. नागरिकांना बोलायला थोडाच वेळ मिळतो. ह्यूस्टन परिसरात राहणाऱ्या, गणपतीत माझ्याशी घरांबद्दल बोललेल्या सगळ्यांना माझी विनंती आहे: त्या संध्याकाळी तिथे या, तुमचंही नाव बोलणाऱ्यांच्या यादीत घाला.